दोन खंडांच्या मध्ये सात वर्षांचा खंड पडला, तर मागचे सगळे पुन्हा वाचावे का?

धागाकर्ती

नमस्कार. गेली वीस-बावीस वर्षे मी मुख्यतः फँटसी वाचते आणि त्यातही मला सुट्या कादंबरीपेक्षा अनेक खंडांच्या मालिका अधिक प्रिय आहेत, कारण एखाद्या जगात वर्षानुवर्षे जाऊन-येऊन राहण्याचा जो अनुभव मालिका देते, तो मला इतर कोणत्याही वाचनातून मिळालेला नाही. ज्या मालिकेविषयी विचारायचे आहे, तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. ती वाचत असलेले इथे काही जण असतील आणि कोणाचा रसभंग व्हावा अशी माझी इच्छा नाही. तिचे पहिले पाच खंड मी जसजसे प्रसिद्ध होत गेले तसतसे वाचले. पाचव्यानंतर सहावा येण्यास सात वर्षे लागली. मराठीत पुस्तकाच्या भागालाही आपण खंड म्हणतो आणि मध्येच पडलेल्या अंतरालाही खंडच म्हणतो, हे या सात वर्षांत मला अनेकदा आठवले.

या काळात माझी नोकरी बदलली, घरात मूल आले आणि वाचनाचा वेळ रात्री सगळे निजल्यानंतरच्या पाऊण तासावर आला. तरीही सहाव्या खंडाची वाट पाहणे थांबले नव्हते. गेल्या महिन्यात तो हाती आला, त्या रात्री मी इतर सर्व वाचन बाजूला ठेवून तो उघडला.

एकेचाळिसाव्या पानावर एक म्हातारा नावाडी राणीसमोर येतो आणि एक शब्दही न बोलता तिच्या तळहातावर शिंगाचे एक तुटके बटण ठेवतो. राणी ते पाहते, मूठ मिटते आणि भरल्या दरबारातून उठून निघून जाते. प्रकरण तिथेच संपते. लेखकाने कसलेही स्पष्टीकरण दिलेले नाही, कारण ते बटण कोणाचे आहे हे वाचकाला ठाऊक असणारच, असा त्याचा विश्वास आहे. मला ते आठवले नाही. हे आपल्याला एके काळी चांगले माहीत होते, एवढेच जाणवत राहिले. ज्या प्रसंगासाठी मी सात वर्षे थांबले होते, कदाचित तोच माझ्यासमोर होता आणि मी त्याच्याकडे परक्यासारखी पाहत होते. मी पुस्तक मिटून ठेवले आणि त्यानंतर ते अद्याप उघडलेले नाही.

आता माझ्यापुढे प्रश्न आहे तो असा. मागचे पाच खंड मिळून जवळजवळ चार हजार पाने होतात. ती सगळी पुन्हा वाचावीत, तर माझ्या पाऊण तासाच्या हिशेबाने कित्येक महिने नवे काहीच वाचून होणार नाही, आणि वाचायच्या राहिलेल्या पुस्तकांची रांग आधीच मोठी आहे. मी नेटवरचे दोन सारांशही वाचून पाहिले. त्यांत सर्व लढाया, सर्व मृत्यू आणि सर्व फितुऱ्या क्रमाने दिलेल्या आहेत, परंतु त्या बटणाचा उल्लेख कोठेही नाही. तसेच पुढे वाचत जावे, तर अशा किती जागा हातून निसटतील, याची धास्ती वाटते. तुम्ही अशा वेळी काय करता, हे कृपया सविस्तर सांगावे.

पुनर्वाचक

तुमची व्यथा अगदी ओळखीची आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: सगळे पुन्हा वाचा, पहिल्या खंडाच्या पहिल्या पानापासून.

वेळेचा हिशेब मीही मांडून पाहिलेला आहे. मौन वाचनाच्या वेगावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार इंग्रजीतील ललित साहित्य वाचताना प्रौढ वाचकाचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २६० शब्द इतका पडतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचे पाच खंड मिळून साधारण साडेसतरा लाख शब्द भरतात, म्हणजे या वेगाने सुमारे ११२ तास. रोज पाऊण तास धरला तर पाच महिने. चौदा खंडांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका सुमारे ४४ लाख शब्दांची आहे आणि तिला याच हिशेबाने एक वर्षाहून थोडा अधिक काळ लागेल. आकडे छातीत धडकी भरवणारे आहेत, हे मी नाकारत नाही.

परंतु दुसरे वाचन पहिल्याच्या वेगाने चालत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मृतीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तो निरर्थक अक्षरसमूह पाठ करीत असे, काही काळ जाऊ देत असे आणि मग तेच पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो हे मोजत असे. पूर्णपणे विसरल्यासारखे वाटणारे अक्षरसमूहही दुसऱ्या खेपेस पहिल्यापेक्षा कमी वेळात पाठ होत, असे त्याला आढळले. निरर्थक अक्षरे आणि कादंबरी यांत फार अंतर आहे, हे मान्य. तरीही तो जे म्हणतो, त्याचा अनुभव मला प्रत्येक पुनर्वाचनात आला आहे. पहिली शंभर पाने परकी वाटतात, त्यानंतर कधीतरी एकाएकी घर ओळखीचे होते आणि पुढचा जिना कोठे आहे, हे पायांनाच कळू लागते.

दुसरे असे की फँटसीचा लेखक पहिल्या खंडात जे पेरतो, ते पहिल्या वाचनात दिसू शकत नाही. एका मालिकेच्या दुसऱ्या वाचनात मला पहिल्याच प्रकरणात, वेशीवर एका पायावर भार देऊन उभा असलेला एक पहारेकरी भेटला. पहिल्या खेपेस मी त्याच्याकडे लक्षही दिले नव्हते. तोच माणूस तिसऱ्या खंडात शहराचे दार आतून उघडतो आणि तेव्हा त्याच्या लंगडण्याचे कारण कळते. लेखकाने तो तिथे बाराशे पाने आधी आणून उभा केला होता. हा आनंद सारांश वाचून पदरात पडत नाही. नवी पुस्तके थांबतील, ही तुमची काळजी मला पटते, पण आवडत्या पुस्तकावर दुसऱ्यांदा दिलेला वेळ हा नव्या पुस्तकाचा हिरावलेला वेळ आहे, असे मी मानत नाही.

वहीवाली

वरील प्रतिसादातील आनंद खरा आहे, पण हा सल्ला ज्याच्या हाताशी दिवसाचे तीन तास आहेत, त्याला मानवेल. घरात लहान मूल असताना पाच महिने मागचेच वाचत राहायचे ठरवले, तर बहुधा तिसऱ्या खंडाच्या मध्यावर सगळेच सुटेल आणि सहावा खंड तसाच फळीवर राहील. माझ्या बाबतीत हे दोनदा घडले, म्हणून मी वेगळी रीत धरली.

कोणताही खंड वाचून संपला की त्याच आठवड्यात मी एका वहीत चार पाने लिहिते. त्यात कथा लिहीत नाही. कथा कोठेही मिळते. मी चार गोष्टींची नोंद करते: खंड संपताना कोण कोठे आहे, कोणती वस्तू कोणाच्या हाती आहे, कोणी कोणाला दिलेला शब्द अजून पाळायचा राहिला आहे, आणि कोणाला काय ठाऊक आहे. यांपैकी शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची ठरते. मालिकेतील बरेचसे नाट्य एका पात्राला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसते, यावर उभे असते, आणि सारांश लिहिणारे नेमके हेच गाळतात, कारण ती घटना नसते. माझ्या एका जुन्या वहीत पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ अशी आहे: ‘तलवार धाकट्याकडे, ती नदीत बुडाली असे थोरल्याला वाटते, आईला खरे माहीत आहे पण ती बोलणार नाही.’ पाच वर्षांनी पुढचा खंड उघडताना मी ही एक ओळ वाचली आणि त्या तिघांचे एकमेकांशी असलेले सगळे अवघडलेपण परत माझ्यासमोर उभे राहिले.

नावे मी देवनागरीत लिहिते. मूळ इंग्रजीत वाचताना एखादे कल्पित नाव आपण नुसते डोळ्यांनी ओळखतो, त्याचा उच्चार मनात ठरवत नाही, आणि ज्याचा उच्चार ठरलेला नाही ते नाव लवकर पुसले जाते. देवनागरीत लिहायचे म्हटले की ऱ्हस्व की दीर्घ, ‘थ’ की ‘द’, हे ठरवावेच लागते आणि त्या एका निर्णयामुळे ते नाव कायमचे आपले होते.

मागचे थोडक्यात सांगून पुढे जाणे यात काही कमीपणा आहे, असेही कोणी समजू नये. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही टॉल्किन यांची एकच दीर्घ कादंबरी खर्चाचा विचार करून तीन खंडांत काढण्यात आली. पहिला खंड जुलै १९५४ मध्ये आणि दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. तिसऱ्यासाठी वाचकांना ऑक्टोबर १९५५ पर्यंत थांबावे लागले. पहिल्या दोन खंडांत चार महिन्यांचेही अंतर नव्हते, तरी पुढच्या दोन्ही खंडांच्या आरंभी मागील कथेचा सारांश छापलेला होता. आपल्याकडील अनेक ओवीबद्ध ग्रंथांतही ‘गताध्यायी’ असे म्हणून कवी मागची कथा दोन-चार ओव्यांत सांगतो आणि मगच पुढे सरकतो. सात वर्षांनी येणाऱ्या खंडाच्या आरंभी दोन पानेही न देणाऱ्या प्रकाशकांविषयी मला खरोखरच राग येतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वहीची कल्पना मला फार आवडली आणि सहाव्या खंडापासून मी ती नक्की अमलात आणेन. परंतु मागच्या पाच खंडांची वही माझ्याकडे नाही, आणि आता ती करायची तर पुन्हा सगळे वाचणे आलेच. शिवाय एक गोष्ट अजून मनातून जात नाही. मला लढाया आठवतात, राजधानी जळाली ते आठवते, एका पात्राचा मृत्यू तर मी ज्या खुर्चीत बसून वाचला ती खुर्चीसुद्धा आठवते. असे असताना एवढ्या महत्त्वाच्या वस्तूचा मागमूसही का राहू नये?

स्मरणवेल्हाळ

तुमच्या या शेवटच्या प्रश्नाविषयीच लिहितो, कारण त्याचे एक फार चांगले उत्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मिळालेले आहे आणि योगायोगाने तेही एका अद्भुत कथेच्याच आधारे मिळाले आहे.

केंब्रिज विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी स्मरणावरचा आपला ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील एका प्रयोगात त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती आठवून लिहायला सांगितली; काही वेळाने, काही दिवसांनी, काही महिन्यांनी, आणि क्वचित काही वर्षांनंतरही. कथेत दोन तरुण नदीवर सील या सस्तन जलचराच्या शिकारीला जातात, तिथे त्यांना होडीतून लढाईला निघालेली माणसे भेटतात, आणि पुढे ती माणसे म्हणजे भुते होती की काय, असा प्रश्न पडतो. त्या वाचकांच्या आठवणीत काळाच्या ओघात काय बदलले, ते पाहण्यासारखे आहे. सीलची शिकार जाऊन तिथे साधी मासेमारी आली. त्या मुलखातल्या विशिष्ट होडीची साधी नाव झाली. कथेच्या शेवटी मरणाऱ्या माणसाच्या तोंडातून काहीतरी काळे बाहेर पडते, त्याच्या जागी कोणी तोंडाला फेस आला असे लिहिले. भुतांचा भाग तर अनेकांच्या कथेतून पार नाहीसा झाला किंवा त्याला एखादा व्यवहारी अर्थ चिकटला.

बार्टलेट यांचे म्हणणे असे की आपण कथा जशीच्या तशी साठवून ठेवत नाही. आपण तिचा सांगाडा ठेवतो आणि आठवताना तो आपल्या ओळखीच्या सामग्रीने भरून काढतो. जे आपल्या ओळखीच्या साच्यात बसत नाही, ते आधी गळते किंवा साच्यात बसेल असे वाकवले जाते.

आता तुमच्या मालिकेकडे पाहा. लढाई, आग, मृत्यू, फितुरी यांचे साचे आपल्या मनात आधीपासून आहेत, म्हणून ते टिकले. शिंगाचे बटण मात्र कोणत्याच साच्यात बसत नाही. त्याचा अर्थ फक्त त्या एका जगात, त्या दोन माणसांच्या मध्येच आहे. फँटसी वाचकाची अडचण इतरांपेक्षा मोठी का, याचेही उत्तर मला यात दिसते. ज्या गोष्टी त्या जगाच्या खास आहेत, जशी तिथली नाती, तिथल्या शपथा, तिथली जादू कशावर चालते आणि तिची किंमत काय पडते, त्या आपल्या रोजच्या जगण्यात कोठेही पुन्हा भेटत नाहीत, त्यामुळे त्यांना उजाळाही मिळत नाही. शहरातल्या एका कुटुंबाची कादंबरी सात वर्षांनी आठवताना आपले स्वतःचे कुटुंब मदतीला येते. कल्पित राज्याच्या वारसाहक्काचे नियम आठवताना मदतीला कोणीच येत नाही. तेव्हा विसरलात याचा अर्थ तुम्ही उथळपणे वाचले होते, असा मुळीच घेऊ नका.

थांबलेला वाचक

मी थोडे वेगळे आणि कदाचित अप्रिय मत मांडतो. मालिका पूर्ण झाल्याशिवाय मी पहिला खंडही हाती घेत नाही. वरील सर्व अडचणी त्यामुळे मुळातच टळतात.

हा निर्णय मी अनुभवातून घेतला. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड १९९० मध्ये आला. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मूळ मालिकेचे अकरा खंड प्रसिद्ध झालेले होते आणि शेवट राहिलेला होता. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी तो शेवट तीन खंडांत लिहिला आणि अखेरचा खंड २०१३ मध्ये आला. त्या काळात शेवट वाचायला मिळेल की नाही, या अनिश्चिततेत राहिलेल्या वाचकांपैकी मी एक होतो. ज्यांची ती मालिका आधी वाचून झाली होती, त्यांच्यापैकी अनेकांनी शेवटच्या खंडासाठी सगळी मालिका पुन्हा वाचली. ज्यांनी २०१३ नंतर प्रथमच हाती घेतली, त्यांना ती एका ओघात मिळाली. दुसऱ्या गटाचा आनंद मला अधिक निखळ वाटतो.

पुनर्वाचक

थांबलेल्या वाचकांना एकच विचारतो. सर्वांनीच असे ठरवले तर पुढचे खंड निघतील कसे? पहिल्या दोन खंडांची विक्री पाहूनच पुढच्यांचा विचार होतो, आणि ज्या नव्या लेखकाचे नाव अद्याप कोणाला माहीत नाही, त्याला तर पहिल्याच खंडाचा वाचक हवा असतो. शिवाय पुढे काय होईल यावर वर्षानुवर्षे केलेले तर्क, मित्रांशी घातलेले वाद, चुकलेले अंदाज, हेही त्या वाचनाचाच भाग असतात. मार्टिन यांच्या मालिकेचा तिसरा खंड २००० मध्ये आला, चौथा २००५ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये. त्या अकरा वर्षांत एका मित्राशी एका पात्राच्या जन्मरहस्यावर मी जितके बोललो, तितके आम्ही दोघे स्वतःविषयीही कधी बोललो नसू. ती मैत्री मला सलग वाचनातून मिळाली नसती.

थांबलेला वाचक

विक्रीचा मुद्दा मान्य आहे. म्हणून पहिला खंड मी विकत घेतो आणि न वाचता ठेवून देतो. मैत्रीच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

कानाने वाचणारी

धागाकर्तीला उपयोगी पडेल असा एक व्यवहार्य मार्ग सुचवते. पहिले वाचन डोळ्यांनी आणि दुसरे वाचन कानांनी, असे मी गेली सहा-सात वर्षे करीत आले आहे. ध्वनिपुस्तकाचा निवेदक मिनिटाला साधारण १५० ते १६० शब्द वाचतो, म्हणजे आपल्या मौन वाचनापेक्षा बराच हळू. साडेसतरा लाख शब्दांना या गतीने १९० तासांच्या आसपास लागतात. आकडा मोठा वाटतो, पण हे तास तुमच्या रात्रीच्या पाऊण तासातून जात नाहीत. भांडी घासणे, कपडे घडी करणे, प्रवास, बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालणे, या वेळात हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. माझ्या धाकट्याच्या पहिल्या वर्षात मी एक सबंध मालिका अशी पुन्हा ऐकली. एका पराभूत सैन्याची डोंगरातली माघार मी रात्री तीन वाजता, बाळाचा श्वास मानेवर लागत असताना, खिडकीजवळ उभी राहून ऐकली होती. तो प्रसंग आता मला त्या श्वासासकट आठवतो.

दोन सूचना मात्र कराव्याशा वाटतात. ज्या मालिकेचे पहिले वाचनच कानांनी होते, तिच्यातील नावांचे लेखन आपल्याला कळत नाही आणि दोन सारख्या उच्चारांच्या व्यक्तींची गल्लत होते. तुमचे वाचन आधी झालेले असल्याने ही अडचण येणार नाही. दुसरे असे की ऐकताना मागे उलटून नकाशा पाहता येत नाही. मी नकाशाच्या पानाचे छायाचित्र फोनमध्ये ठेवते आणि पात्रे कोठे निघाली आहेत ते अधूनमधून पाहते. प्रवासाची दिशा डोळ्यांसमोर राहिली की घटनांचा क्रमही लक्षात राहतो.

वहीवाली

धागाकर्तीसाठी एक साधी गोष्ट सांगायची राहिली. तुम्हाला वाचनालयातून किंवा अन्य मार्गाने मागच्या खंडांच्या ई-आवृत्त्या मिळत असतील, तर त्यांत ‘बटण’ यासाठीचा मूळ शब्द शोधून पाहा. जिथे सापडेल ते प्रकरण आणि त्याच्या आधीचे-नंतरचे एकेक प्रकरण एवढेच कागदी पुस्तकात वाचा. पूर्ण पुनर्वाचन करायचे की नाही, हे त्यानंतर ठरवा. एकेचाळिसाव्या पानावर अडकून राहण्यापेक्षा ते बरे.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. उशिराबद्दल क्षमस्व.

वहीवालींच्या सूचनेप्रमाणे मी शोध घेतला. पाचही खंडांत मिळून तो शब्द अकरा वेळा आला आहे आणि त्यांपैकी दहा जागा निव्वळ वेशभूषेच्या वर्णनातल्या आहेत. अकरावी जागा दुसऱ्या खंडात, एका लांब प्रवासाच्या मधोमध, अवघ्या अडीच ओळींची आहे. राणी तेव्हा राणी नव्हती. बारा वर्षांची मुलगी होती. भाऊ सीमेवर निघाला असताना त्याच्या अंगरख्याचे बटण तुटते आणि हाताशी दुसरा दोरा नसल्याने ती ते लाल दोऱ्याने, वेडेवाकडे, स्वतः शिवून देते. भाऊ हसतो आणि निघून जातो. तो तिसऱ्या खंडात मारला गेल्याची बातमी येते, हे मला आठवत होते. प्रेत कधीच सापडले नव्हते, हे मात्र मी विसरले होते.

त्यानंतर मी पुन्हा एकेचाळिसावे पान उघडले. तिथे स्पष्ट लिहिलेले आहे की बटणाच्या एका भोकात लाल दोऱ्याचा तुकडा अडकलेला होता. महिन्यापूर्वी मी ते वाक्य वाचले होते आणि ओलांडून पुढे गेले होते.

स्मरणवेल्हाळ यांच्या प्रतिसादाने मनावरचे ओझे बरेच हलके झाले, हे नमूद करायला हवे. त्याआधी मला खरोखरच स्वतःच्या वाचनाविषयी शंका वाटू लागली होती. थांबलेल्या वाचकांचा मार्ग मला जमणार नाही. सात वर्षे त्या भावाविषयी मी जे तर्क केले, ते मला सोडवत नाहीत.

शेवटी मी असे ठरवले आहे. पहिले तीन खंड ऐकायचे आणि चौथा व पाचवा रात्रीच्या पाऊण तासात डोळ्यांनी वाचायचा, जेणेकरून सहाव्यापर्यंत पोहोचेपर्यंत वाचनाची गती आणि त्या लेखकाच्या वाक्यांची सवय दोन्ही परत येतील. पहिला खंड निम्मा ऐकून झाला आहे. पुनर्वाचक म्हणतात ते पहिल्या शंभर पानांविषयीचे निरीक्षण माझ्या बाबतीतही खरे ठरले. राजवाड्यातील स्वयंपाकघराचे वर्णन सुरू झाले आणि तळघराकडे जाणारी वाट मला निवेदकाच्या आधी आठवली. तो भाऊही आता रोज कानांवर पडतो. तो अजून पंधरा वर्षांचा आहे आणि सगळ्यांच्या आधी घोड्यावर बसायची त्याला घाई असते.

एक वहीही आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने दोनच ओळी लिहिल्या आहेत, सहाव्या खंडाच्या एकेचाळीस पानांच्या जोरावर: ‘बटण राणीकडे. नावाड्याला ते कोठे मिळाले, हे राणीने अजून विचारलेले नाही.’